न्यूरोसायन्समधल्या संशोधकाचे पेपर आणि सायटेशन्स: आकडे वाचायचे कसे?

सावली

नमस्कार मंडळी. मी न्यूरोसायन्समध्ये पीएचडीसाठी लॅब शोधते आहे. विषय स्मृती आणि हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींशी निगडित भाग. दोन ठिकाणी बोलणं पुढे गेलंय आणि सध्या दोन्ही गाइडची गूगल स्कॉलरची पानं शेजारी शेजारी उघडून बसले आहे.

पहिल्यांचे दोनशेच्या वर पेपर, एच-इंडेक्स साठच्या पुढे, सायटेशनचा, म्हणजे पेपर संदर्भ म्हणून किती वेळा नोंदवले गेले त्याचा, आलेख दरवर्षी चढता. काम मुख्यतः माणसांवर, एफएमआरआय (मेंदूच्या कामाचे स्कॅन) वापरून. दुसऱ्यांचे पेपर चाळीसही भरत नाहीत, एच-इंडेक्स विशीच्या आसपास, आणि मधली तीन वर्षं तर एकही पेपर नाही. त्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये इलेक्ट्रोड घालून नोंदी घेतात. दोघांची कारकीर्द साधारण एकाच सुमारास सुरू झालेली.

ज्याला विचारावं तो सांगतो, आकड्यांकडे बघू नकोस. आणि लगेच विचारतो, बरं, एच-इंडेक्स किती आहे? मला वाटतं, हे आकडे अगदीच पोकळ असते तर निवड समित्यांनी इतकी वर्षं वापरले नसते. पण ते नेमकं काय मोजतात आणि काय मोजत नाहीत, हे कळल्याशिवाय मला निर्णय घ्यायचा नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

कवडसा

वाचतेय. मलाही पुढच्या वर्षी हेच करायचं आहे.

तळटीप

चांगला धागा. ग्रंथालयात संशोधनाच्या मूल्यमापनाचं काम बघतो, त्यामुळे हा प्रश्न रोजच समोर येतो. आधी पाया पक्का करू.

एच-इंडेक्स २००५ साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडला. जितक्या पेपरांना प्रत्येकी निदान तितक्याच सायटेशन्स मिळाल्यात, तो आकडा म्हणजे एच-इंडेक्स. समज, एखाद्याचे पाच पेपर आहेत आणि त्यांना अनुक्रमे ९०, ४०, १२, ४ आणि ३ सायटेशन्स आहेत. चौथ्या पेपरपर्यंत प्रत्येकाला निदान चार आहेत, पाचव्याला मात्र पाच नाहीत, म्हणून इंडेक्स ४. आता पहिल्या पेपरची ९० वाढून ९००० झाली तरी इंडेक्स ४च राहणार. एखादं प्रचंड गाजलेलं काम त्यात दिसतच नाही. शिवाय हा आकडा कधी खाली येत नाही, माणूस निवृत्त झाला तरी वाढत राहतो. त्यामुळे तुलना करायची तर कारकिर्दीचं वय सारखं हवं. ते तू बघितलंयस, छान.

हिर्शने एक ढोबळ पट्टीही दिली होती: वीस वर्षांच्या कामानंतर २० म्हणजे यशस्वी, ४० म्हणजे फार वरचा, ६० म्हणजे असामान्य. पण ती भौतिकशास्त्रापुरती. जीवविज्ञानात हे आकडे बरेच मोठे असतात, हे त्याने त्याच पेपरमध्ये नोंदवलं आहे. ती पट्टी न्यूरोसायन्सला सरसकट लावणारे लोक अजून भेटतात.

आणखी एक, आकडा कुठून घेतलास ते बघ. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (परीक्षणाआधी खुले केलेले पेपर), पुस्तकं सगळं धरतो, म्हणून तिथला आकडा स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या निवडक नोंदींच्या सूचींपेक्षा हटकून जास्त येतो. एकाचा इथून आणि दुसऱ्याचा तिथून असं करू नकोस. नावांचा घोळ तर नेहमीचाच. आडनाव आणि आद्याक्षर सारखं असलेल्या भलत्याच माणसाचे पेपर प्रोफाइलमध्ये येऊन बसतात, लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंचे निम्मे पेपर दुसऱ्याच नावावर राहतात. ऑर्किड (ORCID) हा प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र सोळा आकडी क्रमांक त्यासाठीच निघाला. तो असेल तर त्यावरून यादी ताडून बघ.

पिपेट

सावली, त्या तीन रिकाम्या वर्षांबद्दल मला लिहायलाच हवं, कारण मी तेच काम करतो.

वावरत्या उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधून नोंद घ्यायची म्हणजे काय होतं बघ. केसापेक्षा बारीक चार तारा एकत्र पिळून टेट्रोड बनवायचा. असे अनेक टेट्रोड एका छोट्या ड्राइव्हमध्ये बसवायचे आणि शस्त्रक्रिया करून तो ड्राइव्ह उंदराच्या डोक्यावर पक्का करायचा. मग रोज स्क्रू किंचित फिरवून प्रत्येक टेट्रोड काही मायक्रॉन खाली उतरवायचा. घाई केली तर ज्या पेशी ऐकायच्या त्याच मरतात. सीए१ या हिप्पोकॅम्पसच्या भागातल्या पेशींच्या थरापाशी पोचलो की उंदीर निवांत बसलेला असताना पडद्यावर रिपल्स, म्हणजे विजेच्या जलद लहरी, दिसायला लागतात, म्हणजे पत्ता बरोबर. त्यानंतर कुठे खरा प्रयोग सुरू. उंदराने मार्ग शिकायला हवा, पेशी दिवसेंदिवस टिकायला हव्यात, नंतर कुठला स्पाइक (पेशीचा विद्युत ठोका) कुठल्या पेशीचा हे वेगळं करायचं, आणि शेवटी मेंदूचे काप काढून टेट्रोड खरंच तिथे होता का हे तपासायचं. मधेच ड्राइव्ह निसटला तर त्या उंदरावरचे सगळे महिने गेले.

अशा लॅबमध्ये दोन-तीन वर्षांची गॅप दिसली की मी आधी विचारतो, नवीन सेटअप उभा करत होते का? नवी पद्धत बसवत होते का? गॅपच्या आधी आणि नंतर कामाचं स्वरूप बदललेलं असेल तर उत्तर तिथेच मिळतं.

आखणी

पिपेट, तुमचं सगळं मान्य, पण वाचणाऱ्याला असं वाटू नये की एफएमआरआय म्हणजे बटण दाबलं आणि पेपर निघाला. एफएमआरआयवाली आहे म्हणून बोलते.

आमच्याकडे पेपर जास्त दिसतात त्याची कारणं वेगळी आहेत. ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टसारखा हजाराच्या वर माणसांचा डेटा खुला आहे, त्यावर जगभरातले गट काम करतात. एनिग्मासारख्या संघांत कित्येक देशांचे गट आपापला डेटा एकत्र आणतात आणि लेखकांची यादी शंभरांत जाते. त्या यादीत मधे कुठेतरी नाव असणं म्हणजे फुकटचं श्रेय नव्हे, कुणीतरी रात्री बसून त्या स्कॅन्सची गुणवत्ता तपासलेली असते. पण तो पेपर आणि ज्याचा प्रश्न, आराखडा, विश्लेषण सगळं स्वतःचं आहे तो पेपर, एच-इंडेक्सला दोन्ही सारखेच.

सावली, त्या दोनशे पेपरांतून फक्त पहिलं किंवा शेवटचं नाव असलेले वेगळे काढ. आमच्या क्षेत्रात पहिलं नाव बहुतेक वेळा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं लॅबप्रमुखाचं. मधली नावं बाजूला ठेवली की चित्र पुष्कळ बदलतं.

रेघोटी

+१. आणि हल्ली बऱ्याच जर्नलमध्ये पेपरच्या शेवटी कुणी काय केलं ते लिहिलेलं असतं. क्रेडिट नावाची चौदा भूमिकांची यादी आहे: कल्पना, डेटा गोळा करणं, सॉफ्टवेअर, लिखाण, निधी मिळवणं वगैरे. ती ओळ जरूर वाचावी.

मोजपट्टी

थोडा वेगळा सूर लावतो.

निवड समित्यांवर बसलो आहे. एका जागेला अर्जांचा ढीग येतो आणि समितीत प्रत्येक उपशाखेचा जाणकार नसतो. सिनॅप्सवर, म्हणजे मेंदूपेशींच्या जोडांवर, काम करणाऱ्याला मेंदूच्या गणिती मॉडेलवरचा पेपर तपासायला सांगितलं तर तो काय तपासणार? अशा वेळी आकडा हा निदान सगळ्यांना समान असा निकष असतो. आकडे काढून टाका म्हणणाऱ्यांना मी विचारतो, मग त्यांच्या जागी काय येणार? माझ्या अनुभवात दोनच गोष्टी येतात, मोठ्या लॅबचं नाव आणि ओळखीच्या माणसाचं शिफारसपत्र. त्यापेक्षा सायटेशन बरी. कुणाच्या गोतावळ्यात नसलेला माणूस पंधरा वर्षांचं काम घेऊन समोर येतो तेव्हा त्याच्या बाजूने बोलायला कधीकधी तो आकडाच असतो.

कुपी

मोजपट्टी, मुद्दा पटतो, पण तो आकडा कशाचा हे तरी समितीने बघावं.

आजवर सगळ्यात जास्त सायटेशन्स मिळालेला पेपर कुठला? १९५१ साली लॉरी आणि सहकाऱ्यांनी लिहिलेला, द्रावणातलं प्रथिन मोजायच्या रीतीवरचा. तीन लाखांच्या वर सायटेशन्स. मेंदूचा चुरा करून त्यातलं प्रथिन मोजणाऱ्या कित्येक न्यूरोकेमिस्टांनीही तो नोंदवलाय.

न्यूरोसायन्समध्ये असंच. ओल्डफील्डची १९७१ची डावखुरेपणा मोजायची प्रश्नावली घ्या. कुठल्या हाताने लिहिता, कुठल्या हाताने चेंडू फेकता, कात्री कुठल्या हातात धरता, असे साधे प्रश्न. मेंदूच्या चाचणीत माणूस घेतला की आधी ती भरून घ्यायची आणि पेपरमध्ये ओल्डफील्ड १९७१ लिहायचं. पॅक्सिनोस आणि वॉटसन यांचा उंदराच्या मेंदूचा नकाशासंग्रह १९८२चा. कुठेही सुई घालायची तर सहनिर्देशक त्यातून घ्यायचे, त्यामुळे तो न्यूरोसायन्समधल्या सर्वाधिक उल्लेखल्या गेलेल्या पुस्तकांत आहे. पॅच क्लॅम्पची (पेशीच्या पटलातून वाहणारा विद्युतप्रवाह मोजण्याची) सुधारित रीत सांगणारा १९८१चा हॅमिल आणि मंडळींचा पेपर तसाच. आणि न्यूरोसायंटिस्ट कार्ल फ्रिस्टन यांचा एच-इंडेक्स दोनशेच्या पुढे आहे त्यात एसपीएम या मेंदूप्रतिमांच्या विश्लेषणपद्धतीचा आणि सॉफ्टवेअरचा मोठा वाटा आहे.

मला ही सगळी कामं फार मोलाची वाटतात. सायटेशन इथे सांगते की हे अवजार हजारो हातांनी वापरलं. मेंदूबद्दल एखादी नवी गोष्ट कळली का, हे ती सांगत नाही. त्यासाठी वेगळं बघावं लागतं.

चकली_नव्हे_चक्रव्यूह

म्हणजे अमर व्हायचं असेल तर सिद्धांत सोडा, एक चांगली प्रश्नावली काढा! :)

कुपी

चांगली प्रश्नावली काढून बघा, सिद्धांत सोपा वाटेल. :)

पाऊलवाट

विषय हिप्पोकॅम्पस निघालाच आहे तर त्यातल्या जागा ओळखणाऱ्या पेशी शोधणाऱ्या जॉन ओकीफ यांची आठवण काढायलाच हवी. १९७१ साली ओकीफ आणि डोस्ट्रोव्हस्की यांनी ब्रेन रिसर्चमध्ये एक छोटेखानी टिपण छापलं. ७६ पेशींच्या नोंदी, त्यातल्या ८ पेशी उंदीर एका ठरावीक जागी असला की पेटायच्या. आठ पेशी! आजच्या परीक्षकाने आधी विचारलं असतं, एवढ्यावर काय सिद्ध होतं? सुरुवातीला शंका घेणारे पुष्कळ होते. पुढे २००५ मध्ये मोझर दांपत्याच्या गटाने ग्रिड सेल्स (जागेचं जाळीसारखं मोजमाप ठेवणाऱ्या पेशी) दाखवल्या आणि २०१४चं नोबेल तिघांना मिळालं.

मला सांगा, १९७३ साली कुणी ओकीफ यांचं फक्त सायटेशनचं पान बघितलं असतं तर काय कळलं असतं?

मोजपट्टी

पाऊलवाट, ओकीफचं उदाहरण मलाही प्रिय आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष घसरतो. उशिरा ओळख मिळालेले आपल्याला आठवतात, कारण ओळख मिळाली. त्याच काळात आठ-दहा पेशींवरची अशी कितीतरी टिपणं छापली गेली असतील, जी पुढे कुणी वाचली नाहीत आणि वाचायची गरजही पडली नाही. सायटेशन कमी म्हणजे दडलेला हिरा, असं धरून चाललं तर तेही चुकीचंच.

तळटीप

इथे मोजपट्टींशी पूर्ण सहमत. वर्षानुवर्षं पडून राहून अचानक उचलल्या जाणाऱ्या पेपरांना आमच्या शास्त्रात निद्रिस्त सुंदरी म्हणतात, २००४ साली व्हान रान यांनी ते नाव रूढ केलं. लांब झोप आणि मग जोरदार जाग, असे पेपर विरळाच. बहुतेक पेपर पहिल्या काही वर्षांत काय ते मिळवतात.

आणि उलट बाजूही आहे. ज्याच्याकडे आधीच आहे त्यालाच आणखी मिळतं. रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली याला मॅथ्यू इफेक्ट म्हटलं. एकाच गोष्टीसाठी दोन पेपर उपलब्ध असले की लेखक नावाजलेल्या लॅबचा पेपर नोंदवतो, कारण तो त्याच्या आधीच्या यादीत तयार असतो.

जुनी_शाई

अवांतर आहे, पण राहवत नाही.

मेंदूच्या पेशींचा अभ्यास करणारे स्पॅनिश शास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल यांनी १८८८ मध्ये स्वतःच्या खर्चाने स्वतःचं नियतकालिक काढलं. पदरचे पैसे मर्यादित, म्हणून पहिल्या अंकाच्या फक्त साठ प्रती छापल्या आणि निरनिराळ्या देशांतल्या शरीररचनातज्ज्ञांना टपालाने पाठवल्या. लिखाण स्पॅनिशमध्ये, आणि त्या काळी या विषयात दबदबा जर्मनचा. म्हणावा तसा प्रतिसाद आला नाही. मग १८८९ साली काहाल आपल्या स्लाइड्स आणि सूक्ष्मदर्शक घेऊन बर्लिनला जर्मन शरीररचनातज्ज्ञांच्या सभेला गेले आणि एकेकाला बोलावून काचेखाली पेशी दाखवल्या. कोलिकरसारखा ज्येष्ठ माणूस तिथे त्यांच्या बाजूने झाला. १९०६चं नोबेल त्यांना गॉल्जी यांच्यासोबत मिळालं. गॉल्जींची पेशी रंगवण्याची रीत वापरूनच काहालनी गॉल्जींच्या मताविरुद्धचं चित्र उभं केलं होतं: गॉल्जी म्हणत मेंदू म्हणजे एक सलग जाळं, काहाल म्हणत सुट्या पेशी. नोबेलच्या व्याख्यानांतही दोघं एकमेकांच्या विरुद्धच बोलले.

काम न वाचता पोचत नाही. आणि वाचलं जावं म्हणून काहालसारख्या माणसालाही स्लाइड्स उचलून जावं लागलं.

चकली_नव्हे_चक्रव्यूह

काय सुंदर किस्सा आहे! यावर वेगळा धागा काढाच, जुनी_शाई.

चष्मा

मूळ मुद्द्याकडे येतो, आणि जरा कडवट भागाकडे.

अल्झायमरवरचा २००६ सालचा नेचरमधला एक पेपर. अमायलॉइड बीटा या प्रथिनाच्या एका विशिष्ट रूपामुळे उंदरांची स्मृती बिघडते, असा दावा. दोन हजारांहून जास्त सायटेशन्स. २०२२ मध्ये सायन्स या नियतकालिकाने त्यातल्या प्रतिमांत फेरफार झाल्याची चिन्हं दाखवणारा शोधवृत्तांत छापला आणि जून २०२४ मध्ये पेपर मागे घेतला गेला. म्हणजे अठरा वर्षं तो उभा होता. त्या सगळ्या काळात सायटेशनच्या आकड्याने कसलीही धोक्याची घंटा वाजवली नाही, उलट तो वाढतच होता.

खोटेपणा नसतानाही असं होतं. २०१६ साली एक्लुंड, निकोल्स आणि क्नुत्सन यांनी एफएमआरआयच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमधल्या सांख्यिकी पद्धती तपासल्या. काही पद्धतींत चुकीने सकारात्मक निकाल येण्याचं प्रमाण अपेक्षित ५ टक्क्यांऐवजी ७० टक्क्यांपर्यंत गेलं. २०१३ साली बटन आणि सहकाऱ्यांनी न्यूरोसायन्समधल्या अभ्यासांची सांख्यिकीय ताकद (खरा परिणाम असेल तर तो पकडण्याची शक्यता) काढली, ती मध्यक २१ टक्क्यांच्या आसपास निघाली. एवढ्या कमी ताकदीच्या अभ्यासात परिणाम सापडला तरी तो खरा असण्याची शक्यता घटते, आणि खरा असला तरी आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. मोठा परिणाम म्हणजे मोठं जर्नल, मोठं जर्नल म्हणजे जास्त सायटेशन.

आखणी

चष्मा, एक भर घालते, नाहीतर आमच्या क्षेत्रावर अन्याय होईल. एक्लुंड यांच्या पेपरमध्ये आधी चाळीस हजार अभ्यासांवर प्रश्नचिन्ह असं लिहिलं होतं. ते वाक्य नंतर दुरुस्त झालं आणि निकोल्स यांनीच खरोखर बाधित अभ्यासांचा अंदाज साडेतीन हजारांच्या आसपास दिला. पण बातम्यांमध्ये चाळीस हजारच फिरत राहिले. शिवाय हा दोष एफएमआरआयवाल्यांनीच शोधून काढला, आणि बहुतेक गटांनी आपल्या पद्धती बदलल्या.

चष्मा

बरोबर. दुरुस्ती लिहायला हवी होती, भर घातल्याबद्दल आभार.

झुळूक

कुणाला नोंदवलं जातं यावर अजून कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

२०२० साली नेचर न्यूरोसायन्समध्ये ड्वॉर्किन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. न्यूरोसायन्सच्या पाच आघाडीच्या जर्नलांतल्या संदर्भयाद्या तपासल्या. पहिला आणि शेवटचा लेखक दोन्ही पुरुष असलेले पेपर अपेक्षेपेक्षा जास्त वेळा नोंदवले जातात, बायकांचे कमी, आणि हा फरक मुख्यतः पुरुषांनी केलेल्या संदर्भयाद्यांतून येतो, असं निघालं. पेपरचं वर्ष, जर्नल, लेखकांचा अनुभव वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही.

आकडा सगळ्यांना समान निकष आहे असं मोजपट्टी म्हणाले. मोजणी समान असेल, पण जे मोजलं जातं तेच आधी तिरकं झालेलं असतं. सावली, तुझ्या दुसऱ्या गाइड बाई आहेत ना? मग हेही मनात असू दे.

मोजपट्टी

झुळूक, हा अभ्यास मला माहीत आहे आणि त्याचं वजन मी मान्य करतो. पण शिफारसपत्रांत आणि ओळखीपाळखीत हा तिरकेपणा कमी असतो का? माझा आग्रह एवढाच की आकड्याला वाचनाची जोड द्या, आकडा फेकू नका. संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दलचा डोरा (DORA) जाहीरनामाही, २०१२च्या शेवटी जो आकाराला आला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, मुख्यतः जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाला जोखू नका असंच सांगतो.

तळटीप

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल थोडं, कारण दोन्ही आकडे सर्रास एकत्र केले जातात. तो जर्नलचा आकडा आहे, माणसाचा नव्हे. आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा किती सायटेशन्स मिळाल्या, भागिले त्या लेखांची संख्या. थोडे लेख भरमसाठ सायटेशन्स खेचतात आणि बाकीचे सरासरीच्या खाली राहतात, त्यामुळे जर्नलच्या सरासरीवरून त्यातल्या एका पेपरबद्दल काही कळत नाही. युजीन गारफील्ड यांनी ही संकल्पना आणली तेव्हा एक मोठा उपयोग जर्नल निवडण्यासाठी होता.

रिव्ह्यू पेपर, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा, हाही वेगळा हिशेब. न्यूरोसायन्समध्ये रिव्ह्यूंना मूळ संशोधनापेक्षा सरासरीने बऱ्याच जास्त सायटेशन्स मिळतात, कारण प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदात दहा मूळ पेपरांऐवजी एक रिव्ह्यू नोंदवणं सोयीचं पडतं. चांगला रिव्ह्यू लिहायला खोल समज लागते, त्याला कमी लेखत नाही. पण यादीतले रिव्ह्यू आणि मूळ प्रयोग वेगळे करून बघावेत.

उंबरा

परीक्षकांचा एक अनुभव सांगते. माझ्या एका पेपरवर परीक्षकाचा अभिप्राय आला, त्यात प्रयोगावर दोन ओळी आणि खाली "हे पाच संदर्भ समाविष्ट करावेत". पाचही एकाच गटाचे, त्यातले दोन आमच्या विषयाशी दूरान्वयानेही संबंध नसलेले. आम्ही संपादकांना शांतपणे लिहिलं की तीन घेतो, दोन का घेत नाही त्याचं कारण हे. संपादकांनी आमचं ऐकलं. पण पहिलाच पेपर पाठवणारा विद्यार्थी पाचही टाकून मोकळा होतो, कारण त्याला पेपर छापून हवा असतो. माझा राग आहे तो याच्यावर.

पिपेट

उंबरा, अगदी. मात्र स्वतःचे पेपर नोंदवणं दर वेळी वाईट नसतं हेही सांगायला हवं. एकाच प्रश्नावर पंधरा वर्षं काम करणारी लॅब आधीच्या पेपरवर पुढचा उभा करते, तिथे स्वतःचा संदर्भ टाळता येतच नाही. बाहेरच्या कुणीही तो धागा उचलला नसेल तर मात्र थांबून बघावं.

सावली

किती शिकायला मिळालं! सगळ्यांचे मनापासून आभार.

आखणींनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही याद्या गाळल्या. पहिल्या सरांच्या दोनशेपैकी पहिलं किंवा शेवटचं नाव असलेले चाळीसच्या घरात आले, त्यातही रिव्ह्यू बरेच. मॅडमच्या यादीतले जवळजवळ सगळे मूळ प्रयोग आणि शेवटचं नाव त्यांचं. मधल्या गॅपनंतर त्यांनी एकाच वेळी पुष्कळ जास्त पेशींची नोंद घेणारे सिलिकॉन प्रोब वापरायला सुरुवात केलेली दिसते, म्हणजे पिपेट म्हणाले तसंच.

पण सरांचा एक पेपर वाचला आणि तो फार आवडला. नमुना मोठा, विश्लेषण कसं करणार हे प्रयोगाआधीच नोंदवून ठेवलेलं, कोड खुला. त्यामुळे "जास्त पेपर म्हणजे उथळ" हेही खरं नाही. आता प्रश्न असा: गाइड म्हणून कोण कसं आहे, हे या याद्यांतून कळतं का?

आखणी

बरंचसं कळतं. आधीच्या पीएचडी विद्यार्थ्यांची नावं काढ. प्रत्येकाच्या नावे निदान एक पहिल्या लेखकाचा पेपर आहे का? तो कितव्या वर्षी आला? लॅब सोडल्यावर ते विद्यार्थी संशोधनात, उद्योगात किंवा आणखी कुठे गेले? एखाद्या लॅबमध्ये सगळे पहिल्या लेखकाचे पेपर पोस्टडॉकचे (पीएचडीनंतर काम करणाऱ्यांचे) असतील आणि विद्यार्थी कायम मधल्या जागी, तर मला ते खटकतं. आणि एखाद्या विद्यार्थ्याचं नाव दोन वर्षं दिसून मग कुठेच दिसत नसेल, तर शक्य झाल्यास त्याच्याशीच बोल.

पिपेट

लॅबला भेट देशील तेव्हा गाइडला भेटण्याआधी विद्यार्थ्यांबरोबर बस. विचार, फसलेल्या प्रयोगाचं इथे काय होतं? नकारात्मक निकाल छापायला गाइड तयार असतात का? या उत्तरांवरून मला जेवढं कळलंय तेवढं कुठल्याही प्रोफाइलवरून कळलेलं नाही.

आणि पद्धत निवडतेयस हे विसरू नकोस. पाच वर्षं तुला रोज स्क्रू फिरवायला आवडेल की रोज कोड लिहायला? एच-इंडेक्स गाइडचा, दिवस तुझे.

मोजपट्टी

पिपेटना अनुमोदन. समितीवाला म्हणून एवढंच सांगतो, पुढे तुझा अर्ज आमच्यासारख्यांसमोर येईल तेव्हा गाइडचे दोनशे पेपर तुझ्या कामी येत नाहीत. तुझ्या नावावरचा एक नीट केलेला पेपर येतो, आणि मुलाखतीत त्यातली प्रत्येक आकृती तुला समजावून सांगता यायला हवी.

कवडसा

सायटेशन कशासाठी झाली आहे, म्हणजे कौतुकाने, वापरायला की खोडून काढायला, हे एकेक पेपर न उघडता कळायचा काही मार्ग आहे का?

तळटीप

पूर्णपणे नाही, पण काम हलकं होतं. गूगल स्कॉलरमध्ये पेपरखालच्या सायटेशनच्या आकड्यावर टिचकी मारली की नोंदवणाऱ्या पेपरांची यादी येते आणि त्या यादीच्या आतच शोधायची सोय असते. तिथे "अपयशी", "पुनरावृत्ती" अशा अर्थाचे इंग्रजी शब्द टाकून बघा. दावा पुन्हा तपासायला गेलेल्यांचे पेपर पटकन वर येतात. मी एखाद्या संशोधकाचे सर्वाधिक सायटेशनचे तीन पेपर घेतो आणि प्रत्येकाला नोंदवणारे वेगवेगळ्या गटांचे पाच-सहा पेपर उघडून नेमकं ते वाक्य वाचतो. निकालाच्या चर्चेत त्या पेपरशी वाद घातलेला असेल तर काम जिवंत आहे. फक्त प्रस्तावनेत सहा जणांच्या कंसात नाव असेल तर ती नुसती हजेरी.

वेगवेगळ्या उपशाखांची तुलना करायची असेल तर अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं आयसाइट (iCite) हे साधन मोफत आहे. ते प्रत्येक पेपरची तुलना त्याच्याबरोबर नोंदवल्या जाणाऱ्या पेपरांच्या क्षेत्राशी करतं. १ म्हणजे एनआयएचच्या निधीतून झालेल्या मधल्या पेपरइतका. उंदरांवरचं काम आणि एफएमआरआय शेजारी ठेवायला कच्च्या सायटेशनपेक्षा हे बरं, पण अगदी नव्या पेपरांसाठी भरवशाचं नाही.

पेपर मागे घेतलाय का हे बघायला रिट्रॅक्शन वॉचची, म्हणजे मागे घेतलेल्या पेपरांची, नोंदवही वापरा. २०२३ पासून ती क्रॉसरेफ या पेपरांची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेकडे आहे आणि सर्वांना खुली आहे. झोटेरो या संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये संदर्भ ठेवत असाल तर मागे घेतलेला पेपर आपोआप लाल पट्टीने दाखवला जातो. दोघींनी आजच बसवून घ्या.